अ अननसाचा, पुढे?

मराठी मुलाच्या हातात पडणारं पहिलं विज्ञानाचं पुस्तक कोणतं? परिसर अभ्यासाचं म्हणाल, तर ते बरंच नंतर येतं. त्याच्या आधी येते अंकलिपी. जून उजाडला की स्टेशनरीच्या दुकानात दोरीला लटकणारी, चकचकीत मुखपृष्ठाची आणि पंधरवड्यात कोपरे दुमडून घेणारी. तिला कोणी विज्ञानाचं पुस्तक म्हणत नाही. पण आतली चित्रं बघा: अननस, ऊस, कमळ, गवत, ढग, थवा, फणस, बदक, मगर, लसूण, शहामृग, षटकोण, ससा, हत्ती. प्रकाशकागणिक चित्रं बदलतात. कुठे ग गवताचा असतो, कुठे गणपतीचा, कुठे ढ ढगाचा, तर कुठे ढालीचा. तरी निम्मा-अधिक ऐवज निसर्गातलाच. पंचाईत एवढीच की अ अननसाचा म्हणून झालं रे झालं की आपण आंब्यावर उडी मारतो. अननसाबद्दलचं दुसरं वाक्य कोणी बोलतच नाही.

ते दुसरं वाक्य असं: अननस हे एक फळ नाही.

अननसाच्या झुडपातून मधोमध एक जाड दांडा वर येतो. त्यावर शंभर-दोनशे छोटी जांभळट फुलं एकमेकांना खेटून, गोल गोल चढत लागतात. प्रत्येक फुलाचं आपापलं फळ धरतं. ही फळं वाढता वाढता शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळून जातात, मधला दांडाही फुगतो, आणि आपण बाजारातून आणतो तो ‘एक’ अननस तयार होतो. सालीवर दिसणारा एकेक डोळा म्हणजे एकेका फुलाची जागा. साल काढताना एखादा डोळा उभा चिरून बघा. आतल्या पोकळीत वाळलेल्या फुलाचे तपकिरी अवशेष अजून असतात. खाणाऱ्यांना ते कचरा वाटतात. मला तो त्या फुलाचा जन्मदाखला वाटतो.

आता हे डोळे मोजायचे. ते सरळ रांगांत नसतात, तिरके चढत जातात. एका बाजूला कललेल्या रांगा मोजल्या तर साधारणपणे ८ भरतात, दुसऱ्या बाजूच्या १३, आणि अगदी उभट चढणाऱ्या, नीट शोधल्या तर, २१. आठ आणि तेरा एकवीस. ही बेरीज योगायोगाची नाही. दांड्याच्या शेंड्यावर नवी कळी फुटू लागते ती आधीच्या कळ्यांनी सर्वांत जास्त मोकळी ठेवलेली जागा धरून. प्रत्येक कळी आधीच्या कळीपासून सुमारे साडेएकशेसदतीस अंश वळते, आणि हा एकच नियम पाळत गेलं की या रांगा आपोआप पडतात. सूर्यफुलाच्या बिया आणि पाइनच्या झाडाचं बोंड यांचाही हाच खाक्या. १, २, ३, ५, ८, १३, २१ ही संख्यांची माळ जगात फिबोनाचीच्या नावाने चालते. त्याचं पुस्तक १२०२ सालचं. त्याच्या आधी, बाराव्या शतकातच, गुजरातेत हेमचंद्राने मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना हीच माळ मांडली होती. कवितेच्या हिशेबातून निघालेले आकडे अननसाच्या सालीवर सापडावेत, हे काही मला पुरतं पचलेलं नाही. पचावं अशी इच्छाही नाही.

बाकी हा पाहुणा आपल्याकडे तसा अलीकडेच आला. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. कोलंबसाच्या लोकांनी तो १४९३ मध्ये ग्वादलूप बेटावर पाहिला, आणि पोर्तुगीजांनी पुढे इकडे आणला. फिरंग्यांच्या बंदरांतून हे फळ येतं, असं जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. वर्णमालेचा पहिला मान त्याने कसा पटकावला, ते तक्ता काढणाऱ्यांनाच ठाऊक.

अननसावरून थेट फ कडे जावं. फणसाचं गणित तेच आहे, फक्त थाट मोठा. फणसही शेकडो फुलांचं मिळून झालेलं फळ. गरा म्हणजे एका फुलाचं फळ, आठळी त्याची बी. गऱ्यांच्या मधल्या ज्या चिवट पट्ट्या आपण सोडून देतो, ती फलधारणा न झालेली फुलं. आणि बाहेरचा प्रत्येक काटा हे एकेका फुलाचं टोक. फणस फोडायच्या आधी काटे मोजायला बसवलं तर पोरं तासभर तरी गप्प राहतील, हा जादा फायदा. फणसाच्याच कुळात उंबर आहे, आणि त्याने हाच डाव उलटा टाकला: सगळी फुलं आत, साल बाहेर. बरेच दिवस न दिसलेल्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. खरं तर कोवळं उंबर फोडलं की फुलंच फुलं दिसतात. त्यांच्यापर्यंत पोचायला एका इवल्या गांधीलमाशीला उंबराच्या बुडाशी असलेल्या भोकातून आत शिरावं लागतं, आणि त्या खटाटोपात बहुधा तिचे पंख तुटून बाहेरच राहतात.

काही अक्षरांना एकच वाक्य पुरतं. ग गवताचा आणि ऊ उसाचा एकाच घरातले, कारण ऊस गवतच आहे. ज्वारी, तांदूळ, बांबूही गवतच. म मगरीचा: अंड्यातून नर निघणार की मादी हे घरट्यातलं तापमान ठरवतं. आपल्या नद्यांतल्या मगरीची अंडी साडेबत्तीस अंशांच्या आसपास उबली तर बहुतेक नर, त्याहून बरीच थंड राहिली तर माद्या. ढ ढगाचा: एक किलोमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा कापसासारखा दिसणारा पांढरा ढग घेतला तर त्यात सुमारे ५०० टन पाणी असतं, म्हणजे ह च्या चित्रातले शंभरेक हत्ती. ते पडत नाही, कारण थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे बारीक असतात. ते सेकंदाला सेंटिमीटरभर खाली येतात, आणि खालून वर चढणारी हवा त्यांना पुन्हा वर ढकलते. थ थव्याचा: रोममधल्या शास्त्रज्ञांनी मैनांच्या थव्यांचे फोटो अनेक कोनांतून घेऊन २००८ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडेच लक्ष ठेवतो. थव्याला पुढारी नसतो. हिवाळ्यात ज्वारीच्या शिवारावर भोरड्यांचे थवे वळसे घेताना पाहाल तेव्हा हे आठवा.

श च्या शहामृगापाशी मात्र थांबायलाच हवं. आफ्रिकेतला पक्षी, आपला काय संबंध, असं मोठ्यांनाही वाटतं. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे नावाचं गाव आहे. तिथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली. त्यातल्या एका तुकड्यावर माणसाने बारीक आडव्या-तिरप्या रेघा कोरलेल्या आहेत. वय सुमारे २५,००० वर्षं. पुढे भारतात सापडलेल्या अशा कवचांतल्या डीएनएचीही तपासणी झाली आणि तो शहामृगच असल्याचं पक्कं झालं. म्हणजे खानदेशात एकेकाळी शहामृग धावत होता, आणि त्याच्या अंड्याच्या टरफलावर कोणीतरी निवांत नक्षी काढत बसलं होतं. तक्त्यात श च्या खाली एवढी एक ओळ छापली तर आठ वर्षांचं पोर आपल्या तालुक्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

चित्रांबद्दल एक तक्रार नोंदवतो. अंकलिपीतला ससा पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा असतो. तो पिंजऱ्यात पाळायचा परदेशी ससा. आपल्या माळावरचा ससा तपकिरी, लांब पायांचा. तो बीळ करत नाही, आणि त्याची पिल्लं जन्मतानाच डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊन येतात. पाळीव सशाची उघडीनागडी आणि आंधळी जन्मतात. कमळाचंही तेच. कित्येकदा फूल कमळाचं काढलेलं असतं आणि खाली पान पाण्यावर तरंगणारं, एका बाजूने चिरलेलं. ते पान वॉटर लिलीचं. कमळाचं पान अखंड गोल असतं, देठ बरोबर मध्यावर, आणि मोठी पानं पाण्याच्या वर उभी राहतात. पहिलीतल्या मुलाला काय कळतंय, असं म्हणून हे खपून जातं. पण पहिलीतलं मूल जे चित्र पाहतं ते जन्मभर विसरत नाही, म्हणून तर ते चित्र बरोबर हवं.

आणि हे कमळ काय चीज आहे! त्याचं फूल गरम असतं. देवळातल्या फुलाबद्दल नव्हे, तळ्यातल्या ताज्या उमललेल्या फुलाबद्दल बोलतोय. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या वनस्पती उद्यानात रोजर सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्याने मोजमाप केलं आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध केलं: बाहेर पारा १० अंशांवर उतरला तरी फुलाच्या आतलं तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान टिकून राहतं, दोन ते चार दिवस, रात्रंदिवस. साठवलेला पिष्टमय साठा जाळून फूल ऊब तयार करतं, आणि गारठा वाढला की जास्त जाळतं. आत रात्र काढणाऱ्या भुंग्यांना त्याचा लाभ होत असावा. कमळात अडकलेल्या भुंग्याची कल्पना आपल्या जुन्या कवींना फार प्रिय; त्याला आत उबदार खोलीही मिळते, हे त्यांना माहीत असतं तर त्यांनी आणखी एक श्लोक नक्कीच रचला असता.

कमळाच्या पानाची गोष्ट निराळीच. जर्मनीतल्या विल्हेल्म बार्टलॉट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरनिराळी पानं तपासली. त्यांना दिसलं की सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यापूर्वी धुवावी न लागणारी पानं खडबडीत असतात, गुळगुळीत नव्हे. कमळाच्या पानावर अतिसूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाची बारीक कांडी असतात. पाण्याचा थेंब फक्त त्यांच्या टोकांवर टेकतो, खाली हवाच राहते. मग तो गोळा होऊन घरंगळतो आणि जाताना धूळ बरोबर घेऊन जातो. हे बघायला तळं शोधायची गरज नाही. अळूचं पानही हेच करतं. वड्या करायच्या आधी एक पान मुलाच्या हातात द्या आणि वाटीभर पाणी. आधी थेंब सोडू दे. मग पानाच्या एका भागावर अंगठा जोरात घासू दे आणि तिथे पुन्हा थेंब सोडू दे. घासलेल्या जागी तो आता पसरेल, कारण मेण गेलं. याच कमळाच्या बिया इतक्या टिकाऊ की चीनमधल्या एका आटलेल्या तळ्याच्या गाळात मिळालेली सुमारे १,३०० वर्षांपूर्वीची बी रुजली आणि तिला कोंब आला.

स्वयंपाकघरातला आणखी एक प्रयोग ल चा. लसणाची अख्खी पाकळी सोलून नाकाशी धरा, वास जेमतेम. आता ठेचा. तो उग्र वास पाकळीत आधी नव्हताच. लसणाच्या पेशींत दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. ठेचल्यावर कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन नावाचं नवीन रसायन तयार होतं. कुरतडणाऱ्या किड्याला हाकलण्यासाठी लसणाने राखून ठेवलेलं हे हत्यार, आणि आपण त्याचीच चटणी करतो. अख्खी पाकळी आधी तळली तर उष्णतेने त्यातला एक भिडू निकामी होतो, म्हणून तळलेला लसूण गोडसर लागतो.

पण सगळ्या वर्णमालेत माझं लाडकं अक्षर ष. बिचाऱ्यावरून सुरू होणारे शब्द मराठीत मोजकेच, म्हणून तक्ता काढणाऱ्याला दुसरा पर्यायच नसतो: ष षटकोणाचा. आणि नाइलाजाने काढलेली ती सहा रेघांची आकृती अंकलिपीतली सर्वांत खोल गोष्ट ठरते. एकाच मापाच्या, सारख्या बाजूंच्या आणि सारख्या कोनांच्या फरशांनी फट न ठेवता जमीन भरायची तर तीनच आकार चालतात: त्रिकोण, चौकोन, षटकोण. त्यातही सर्वांत कमी कडांत सर्वांत जास्त जागा देतो तो षटकोण. मधमाशा मेण वाचवायला षटकोण बांधतात, असा अंदाज वॅरो नावाच्या रोमन लेखकाने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात नोंदवला. सपाटी विभागायला षटकोणाइतकी काटकसर दुसऱ्या कशानेच होत नाही, याची पक्की गणिती सिद्धता मिळाली ती १९९९ मध्ये, टॉमस हेल्स यांच्याकडून. मधमाशांना सिद्धतेची वाट बघावी लागली नाही.

मुंबईत अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे, सुमारे दोनशे फूट उंच, वर गावदेवीचं देऊळ. आजूबाजूला इमारती उठल्यामुळे तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. हा काळा कडा पाच-सहा बाजूंच्या उभ्या खांबांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचं पठार घडवणाऱ्या ज्वालामुखींच्या काळात, लाव्हा थिजला. थिजताना आकसला, आकसताना तडकला, आणि सगळीकडे सारखाच ताण असेल तर भेगा एकमेकींशी १२० अंशांचा कोन करून मिळतात. तोच षटकोणाचा कोपरा. इथे ना मेण वाचवायचं होतं, ना मध साठवायचा होता. आणि शनीच्या उत्तर ध्रुवावर तर ढगांचा षटकोण गरगरतो आहे, ज्याची एकेक बाजू आपल्या पृथ्वीच्या व्यासाहून मोठी आहे. तो होतो वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याने घेतलेल्या वळणांमुळे. मधमाशी, थिजलेला लाव्हा, शनीचं वादळ. आकृती एक, कारणं तीन. ‘असं का?’ हा प्रश्न तीनदा, तीन जागी, नव्याने विचारावा लागतो, आणि विज्ञान म्हणजे दुसरं काय असतं?

हे सगळं नुकत्याच वाचायला लागलेल्या मुलाला सांगायचं कसं, इथे खरी कसोटी आहे. अमेरिकेत १९६० मध्ये फ्रँकलिन ब्रॅन्ली या खगोलशास्त्राच्या लेखकाने आणि रोमा गॅन्स या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी नवशिक्या वाचकांसाठी विज्ञानाची एक मालिका सुरू केली. एका पुस्तकात एकच प्रश्न, पानावर दोन-चार छोटी वाक्यं, आणि पानभरून चित्र. ती मालिका अजून चालू आहे. आपल्याकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास यांनी ‘स्मॉल सायन्स’ची पुस्तकं तयार केली, त्यांत उत्तरांपेक्षा बघायला आणि करायला सांगणारे प्रश्न जास्त. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान सोपं केलंच, शिवाय आपल्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं कोणालाही फुकट उतरवून घेता येतील अशी मांडून ठेवली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणे लावलेली मराठी पुस्तकं आहेत, तीही फुकट.

मराठीत लिहिणाऱ्यापुढे एक खास अडथळा असतो: जोडाक्षर. मूल आधी साधी अक्षरं, मग काना-मात्रा शिकतं, जोडाक्षरं शेवटी. आणि आपली विज्ञानाची परिभाषा जोडाक्षरांनी खच्चून भरलेली. प्रकाशसंश्लेषण या शब्दापुढे सहा वर्षांचं मूल बसकण मारणार. पण ‘पान उजेडात साखर बनवतं’ या वाक्यात एकही जोडाक्षर नाही, आणि वाक्य खोटंही नाही. अननसाचं असं करता येतं: ‘हा अननस. याला खूप डोळे. आधी इथे फुलं होती. एक फूल, एक डोळा. सगळी फुलं जुळून एक फळ झालं. डोळे मोज बघू.’ बावीस शब्द, जोडाक्षर एकही नाही, आणि शेवटी मुलाला काम. सोपं करताना खोटं पडू द्यायचं नाही, ही अट पाळली की लिहिणाऱ्याचा घाम निघतो. ‘झाड आपल्याला प्राणवायू देतं’ हे वाक्य सोपं आहे, पण झाड आपल्यासाठी काही करत नाही. ते स्वतःचं जेवण करतं आणि प्राणवायू बाहेर पडतो. ही लबाडी पुस्तकागणिक सापडते.

दुकानात पुस्तक निवडताना मी कोणतंही एक पान उघडतो आणि दोनच गोष्टी बघतो: चित्रातला प्राणी खरा आहे का, आणि त्या पानावरची एक तरी गोष्ट मुलाला घरच्या घरी तपासून बघता येईल का. दोन्ही नसेल तर पुस्तक परत फडताळात, मग कागद कितीही गुळगुळीत असो.

गुरुत्वाकर्षण जोडाक्षराशिवाय, खरंखुरं, सोळा पानांत सांगणारं मराठी पुस्तक मी बरेच दिवस शोधतो आहे. वाचकांपैकी कोणाला जमत असेल तर त्यांनी जरूर लिहावं, फक्त चित्रकार आधी शोधावा.